हलगी त्यांची, संहिता आमची?

१ ऑगस्ट २०२४. अण्णाभाऊ साठे यांची जयंती. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात त्या संध्याकाळी आमच्या पथनाट्य पथकाचा प्रयोग ठरला होता. विषय होता गटार साफ करताना मरणाऱ्या कामगारांचा. तालीम महिनाभर झाली होती. मंडप उभा होता, माईक आला होता.

त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की, अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याचा अधिकार राज्यांना आहे. दुपारपर्यंत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रणकंदन माजले. कुणी लिहिले, हा समाज फोडण्याचा डाव आहे. कुणी पेढ्यांचा फोटो टाकला. कुणी त्या पेढ्यांवरून असे काही बोलले की ते इथे लिहिण्यासारखे नाही. तीनच्या सुमारास आमचे दोन्ही हलगीवादक ग्रुपमधून बाहेर पडले. संध्याकाळी प्रयोग झाला नाही. अण्णाभाऊंच्या जयंतीला, अण्णाभाऊंच्या समाजातले दोघे आमच्यासोबत उभे राहायला तयार नव्हते.

आमची पहिली प्रतिक्रिया तीच होती जी आपल्यापैकी बहुतेकांची असते. निकालाने आमचे पथक फोडले, असे आम्ही चार दिवस सगळ्यांना सांगत फिरलो. पाचव्या दिवशी त्या दोघांपैकी एकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, निकालाचं सोडा. तुम्ही आम्हाला वाजवायला बोलावता. बोलायला कधी बोलावलंत?"

आमच्याकडे उत्तर नव्हते.

उपवर्गीकरणाच्या निकालावर आमचे मत आहे, तुमचेही असेल, आणि ते मांडण्याची ही जागा नव्हे. इथे प्रश्न वेगळा आहे. वस्तीत नाटक, जलसा, भित्तिचित्र, माहितीपट, गाण्यांचा कार्यक्रम असे काही उभे करताना आपण जी टीम बांधतो ती खरोखर सर्वांची असते का? की आपल्याच चार मित्रांची टीम असते आणि बाकीचे मदतीला बोलावलेले असतात?

फोन ठेवल्यावर आम्ही कागद घेतला आणि स्वतःलाच मोजले. पथकात अकरा जण. सात बौद्ध तरुण, दोन बौद्ध मुली, दोन मातंग तरुण. कागदावर हे बरे दिसते. कुणी विचारले असते तर आम्ही अभिमानाने सांगितले असते की आमचे पथक सर्वसमावेशक आहे. मग आम्ही दुसरा रकाना आखला: कोण काय करतो? संहिता लिहिणारे तिघे, तिघेही बौद्ध पुरुष. दिग्दर्शक बौद्ध पुरुष. पैशांचा हिशेब ठेवणारा बौद्ध पुरुष. मुलींकडे काम काय, तर एक आई आणि एक विधवा, दोघींनी मिळून रडायचे. मातंग तरुणांकडे हलगी.

म्हणजे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हलगी वाजवली त्यांच्या हातात आम्ही पुन्हा हलगीच दिली. जात ही नुसती कामाची वाटणी नसते, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी असते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. एम.ए.च्या पेपरात यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली आहेत. आणि तीच वाटणी आमच्या पथकात, आमच्याच हाताने, 'जय भीम' म्हणत झाली होती.

अजून एक रकाना राहिला होता. नाटक गटारात उतरणाऱ्या कामगारांच्या मरणावर होते. आमच्या गावात हे काम करणारी मेहतर समाजाची घरे आहेत, त्यांची एक गल्ली आहे. त्या गल्लीतला एकही माणूस पथकात नव्हता. आम्ही त्यांच्या मरणावर नाटक बसवत होतो आणि त्यांना प्रेक्षकांत बसवणार होतो.

मित्रांनो, हीच गोष्ट कुणी सवर्णाने केली असती तर आपण काय म्हटले असते?

काय म्हटले असते ते आम्हाला ठाऊक आहे, कारण आम्ही ते म्हटलेले आहे. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेने आमच्या वस्तीत येऊन कला प्रकल्प केला. मुलांकडून चित्रे काढून घेतली, बायांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या. पुढे त्याचे पुस्तक निघाले. पुस्तकावर नावे संस्थेच्या लोकांची, आत आमच्या बायांचे फोटो, आणि फोटोखाली 'वस्तीतील महिला' एवढेच. तेव्हा आम्ही भांडलो. आमच्या जगण्यावर तुमचे करिअर उभे करू नका, असे सुनावले. ते भांडण योग्यच होते.

त्या भांडणाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अस्पृश्यता निवारणासाठी एक संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सचिव अमृतलाल ठक्कर. बाबासाहेबांनी ठक्करांना सविस्तर पत्र लिहून संस्थेने काय करावे ते कळवले: नागरी हक्कांसाठी मोहीम, कामधंद्यात समान संधी, प्रत्यक्ष सामाजिक व्यवहार, आणि कामासाठी अस्पृश्यांमधलेच कार्यकर्ते. त्या पत्राची पोचसुद्धा आली नाही. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्य का नाहीत असा प्रश्न विचारला गेला तेव्हा गांधीजींची भूमिका अशी होती की, हे सवर्णांनी करायचे प्रायश्चित्त आहे, म्हणून कारभारही त्यांनीच करायचा. ज्यांच्यासाठी संस्था त्यांनाच निर्णयात जागा नाही! बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या सगळ्याचा हिशेब मांडला आहे. तो आपण सगळ्यांनी वाचलेला असतो.

तेच आजही घडते. उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडात २००२ पासून 'खबर लहरिया' हे वृत्तमाध्यम ग्रामीण स्त्रिया चालवतात, त्यात दलित स्त्रियांचा पुढाकार आहे. त्यांच्यावर केलेला माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. तेव्हा, मार्च २०२२ मध्ये, खुद्द 'खबर लहरिया'ने जाहीर निवेदन काढून सांगितले की, यात आमच्या कामाचे अपुरे चित्र आहे. जगभर कौतुक चालू असताना 'हे आमचे पूर्ण चित्र नाही' असे म्हणायला धाडस लागते. पण असे निवेदन काढावे लागले, याचाच अर्थ शेवटचा शब्द त्यांच्या हातात नव्हता. दाखवले जाणे वेगळे आणि काय दाखवायचे हे ठरवणे वेगळे.

तर हा युक्तिवाद आपल्याला पाठ आहे. अडचण अशी की, तो आपण फक्त वरच्या दिशेने वापरतो. जातिव्यवस्था ही नुसती विषमता नाही, ती पायरीपायरीची विषमता आहे, हे बाबासाहेबांचे विश्लेषण आपल्याला कुणाला शिकवावे लागत नाही. पण पायरीचा नियम असा की, प्रत्येकाला वरची पायरी टोचते आणि पायाखालची दिसत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. आपल्या जयंती मंडळात, कलापथकात, यूट्यूब चॅनेलच्या टीममध्ये त्यातल्या किती आहेत? भटक्या-विमुक्तांतले किती? शेजारच्या मोहल्ल्यातले मुसलमान किती? आणि निर्णयाच्या खुर्चीवर बायका किती? उत्तर देण्याआधी आमच्यासारखा कागद घ्या.

आता कुणी म्हणेल, चळवळीवर टीका करून तुम्ही विरोधकांच्या हाती कोलीत देताय. आम्ही उलट म्हणतो. असे मिश्र आणि बरोबरीचे काम ही आपल्याच चळवळीची परंपरा आहे. आपण ती विसरलो आहोत.

महाड आठवा. मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि त्याच वर्षीची डिसेंबरची परिषद. महाडच्या नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस होते, संघटनेच्या कामात अनंतराव चित्रे होते. डिसेंबरात परिषदेसाठी कुणी जागा देईना तेव्हा ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. २५ डिसेंबरला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी, ते जन्माने ब्राह्मण. त्याला अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी, ते चर्मकार समाजातले. ब्राह्मणांना वगळा तर आम्ही येतो, ही जेधे-जवळकरांची अट बाबासाहेबांनी मान्य केली नव्हती. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, जन्माला नाही, ही त्यांची भूमिका होती. पण म्हणून नेतृत्वाची दोरी कधी सैल सोडली का? नाही. दिशा ठरवली ती ज्यांना तळ्याचे पाणी नाकारले होते त्यांनी. बाकीचे त्या दिशेने चालायला आले. सवर्ण मित्रांना टीममध्ये घ्यायचे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे दर सहा महिन्यांनी उकरला जातो. त्याचे उत्तर महाडात देऊन झालेले आहे.

आणि अण्णाभाऊंचे काय? १९४४ मध्ये त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले ते शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या सोबतीने. वाटेगावच्या मातंगाचे पोर आणि बार्शीचा मुसलमान शाहीर एका फडात उभे राहिले तेव्हा मुंबईच्या गिरणगावाने डोक्यावर घेतले. कलापथक कम्युनिस्टांचे होते, आपले नव्हते, हे मान्य. पण त्याच अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्या फडात अण्णाभाऊ काय करत होते? लिहीत होते. लावण्या, पोवाडे, वगनाट्ये त्यांची होती. आम्ही ऐंशी वर्षांनी त्यांच्या समाजातल्या पोरांना बोलावले आणि म्हटले, तुम्ही फक्त वाजवा.

स्त्रियांच्या बाबतीत तर आपल्या परंपरेलाही माफी नाही. बाबासाहेबांनी महाडात स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला. पुढे परिषदा, सत्याग्रह, धर्मांतर, प्रत्येक ठिकाणी स्त्रिया होत्या. पण त्यांचा इतिहास लिहायला चळवळीतल्या लेखक पुरुषांना सवड झाली नाही. शेवटी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या शोधून, त्यांच्या तोंडून तो इतिहास गोळा केला. १९८९ साली पुस्तक आले: 'आम्हीही इतिहास घडवला'. त्या शीर्षकातल्या 'ही'कडे आपण नीट बघायला हवे. तो 'ही' ब्राह्मणी इतिहासाला जेवढा उद्देशून आहे तेवढाच आपल्यालाही आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप नेहमीचा: कलेत गुणवत्ता बघायची, जात आणि लिंग मोजत बसायचे नाही. हे वाक्य आरक्षणविरोधकांच्या तोंडून ऐकून आपण मोठे झालो आणि आता आपणच ते बोलतो, याची लाज वाटली पाहिजे. तरीही उत्तर देतो. त्या फोननंतर आम्ही मेहतर गल्लीत गेलो. एका ताईंचा नवरा टाकीत गुदमरून गेलेला. त्यांना आम्ही संहिता वाचून दाखवली. आमच्या संहितेत वीस मिनिटांपैकी बारा मिनिटे मरण आणि रडणे होते. ताई ऐकून म्हणाल्या, "रडायचं आम्हाला येतंय, ते नका शिकवू. साहेबाच्या टेबलापुढं काय झालं ते दाखवा." ठेकेदाराचा माणूस तिसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन आला होता. तो कामाला नव्हताच, असे लिहून द्या म्हणून मागे लागला होता. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी आहे आणि सुरक्षेची साधने न देता गटारात उतरवणे गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाखांपर्यंत वाढवली. यातले एक अक्षरही ताईंना कुणी सांगितले नव्हते. आणि आमच्या नाटकातही नव्हते! आम्ही पदव्या घेतलेल्या तिघांनी लिहिलेले नाटक करुण होते. ताईंनी सुचवलेले नाटक उपयोगाचे झाले. गुणवत्ता कुठे होती ते तुम्हीच सांगा.

दुसरा आक्षेप: जयंती तोंडावर आहे, एवढ्या चर्चांना वेळ कुठे? वेळ नाही हे खरे. पण वेळ नसला की निर्णय कोण घेतो? ज्याच्याकडे आधीपासून अधिकार आहे तो. घाई ही तटस्थ नसते. आमची तालीम रात्री नऊला विहारात असायची आणि मुली टिकत नाहीत म्हणून आम्ही त्यांना नावे ठेवायचो. त्या दोघींपैकी एकीने नंतर सांगितले की, नऊला घरातली भांडी पडलेली असतात आणि अकराला एकटीने परत जायचे असते. तालमीची वेळ ठरवतानाच आम्ही त्यांना बाहेर काढले होते.

तिसरा आक्षेप सर्वात अवघड: आधी आपला समाज उभा राहू दे, मग बाकीच्यांना घेऊ. यावर 'जातीचे निर्मूलन' पुन्हा वाचावे. बाबासाहेब तिथे दाखवतात की सारख्या चालीरीतींनी किंवा शेजारी राहण्याने समाज बनत नाही. माणसे एका सामायिक कामात भागीदार होतात, त्या कामाचे यश आणि अपयश प्रत्येकाला आपले वाटते, तेव्हा समाज बनतो. जात नेमके हेच होऊ देत नाही. म्हणजे एकत्र नाटक बसवणे हे समाज उभा राहिल्यानंतर करायचे काम नाही. समाज उभा राहतो तो असल्याच कामातून.

मग आम्ही काय बदलले? फार थोर काही नाही. विषय आता ज्यांच्या जगण्याशी निगडित आहे त्यांच्या गल्लीत बसून ठरतो. संहिता लिहिणाऱ्यांत त्यांच्यापैकी किमान एक जण असतो. लिहिता येत नसेल तर तो बोलतो, आम्ही लिहून घेतो आणि लेखक म्हणून त्याचे नाव लागते. कुणाची खरी गोष्ट घेतली तर प्रयोगाच्या आदल्या दिवशीपर्यंत ती परत घेण्याचा हक्क त्या माणसाला असतो. तालमीची वेळ ज्यांना सर्वात कमी सवड त्यांना विचारून ठरते. सध्या ती संध्याकाळी साडेपाच आहे आणि त्यामुळे आमच्यातल्या नोकरदारांची पंचाईत होते. होऊ दे. तालीम फक्त विहारात होत नाही. एक आठवडा विहार, एक आठवडा अण्णाभाऊंच्या पुतळ्याजवळचा चौक, एक आठवडा मेहतर गल्ली. आलेला पैसा आणि गेलेला पैसा कागदावर लिहून भिंतीला चिकटवतो. मानधन मिळाले तर सर्वांना सारखे. लेखकाला जास्त आणि वादकाला कमी, हे बंद. पोस्टरवर नावे आडनावाशिवाय, बाराखडीच्या क्रमाने. आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे एक काम शिकायचे. आमचा दिग्दर्शक सध्या हलगी शिकतोय. त्याला अजून ताल सापडलेला नाही, पण त्याची टिंगल करण्याचा हक्क ज्याला मिळाला आहे तो आता पथकात मान वर करून बोलतो.

याची किंमतही मोजली. दोन जुने मित्र सोडून गेले, कारण त्यांच्या मते पथक आता 'आपले' राहिले नाही. वर्गणी देणारे एक काका विचारतात, बौद्धांच्या पैशांवर बाकीच्यांची नाटके का? भांडणे वाढली. पूर्वी तासात होणारा निर्णय आता तीन बैठका खातो. पण पूर्वी भांडण होत नव्हते, कारण भांडायला समोर कुणी बरोबरीचे नव्हतेच.

नंतरच्या १ ऑगस्टला प्रयोग झाला. फोनवर आम्हाला तो प्रश्न विचारणारा तरुण परत आला आहे. ठेकेदाराच्या कोऱ्या कागदाचा प्रसंग त्याने आणि त्या ताईंनी मिळून रचला. दुसरा आला नाही. तो प्रेक्षकांत मागे उभा होता, प्रयोग संपायच्या आत निघून गेला. त्याचा राग रास्त आहे आणि तो कधी जाईल हे ठरवणे आमच्या हातात नाही.

उपवर्गीकरणाचा वाद पुढची अनेक वर्षे चालेल. न्यायालयात, विधिमंडळात, रस्त्यावर आपण एकमेकांविरुद्ध उभे राहण्याचे प्रसंगही येतील. त्या दिवशी एकमेकांना ओळखणारी, एका तालमीत घाम गाळलेली, एकमेकांच्या चुका सुधारलेली माणसे दोन्ही बाजूंना असतील, तर भांडण भावाभावांचे राहील. नसतील, तर त्याचा फायदा कोण उठवेल हे सांगायला नको.

येत्या १४ एप्रिलची तयारी तुमच्या वस्तीत सुरू होईलच. पहिल्या बैठकीला जाताना सोबत एक कोरा कागद न्या. एका रकान्यात नावे लिहा, दुसऱ्यात कामे, तिसऱ्यात निर्णय कुणाचा ते. आणि मग तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

जय भीम!